स्टोरीटाईममध्ये मूल कोणाच्या रंगाबद्दल बोललं तर?

वाचकाचं पत्र (थोडं छोटं करून):

नमस्कार ताई, मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका लहान गावाच्या पब्लिक लायब्ररीत मुलांच्या विभागात पार्ट टाईम काम करते. दर मंगळवारी सकाळी तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा स्टोरीटाईम माझ्याकडे असतो. बहुतेक मुलं गोरी, दोन ब्लॅक, एकदोन मेक्सिकन घरातली आणि अधूनमधून एखादं आपलं देशी. मागच्या महिन्यात आंघोळीवरचं एक पिक्चर बुक वाचत होते, त्यातली मुलगी ब्लॅक आहे. साबणाचं पान आलं तेव्हा एक चार वर्षांचा मुलगा मोठ्याने म्हणाला, "एवढं धुतलं तरी ती अजून घाणच आहे." त्याची आई लालबुंद झाली, "श्श" म्हणाली, आणि मी घाईघाईत पान उलटलं. नेहमी येणारी एक ब्लॅक मुलगी अगदी पुढे बसली होती, ती आपल्या हातांकडे बघत होती. तिची आई काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात दोघी आल्या, पण दाराजवळ बसल्या. तेव्हापासून मला चैन नाही. मॅनेजर म्हणते, वाटलं तर या विषयावर एक स्पेशल स्टोरीटाईम घे. एका मुलाच्या आजी म्हणाल्या, इतक्या लहान पोरांच्या डोक्यात हे कशाला घालायचं. आणि माझी मराठी मैत्रीण म्हणते, हे त्यांचं जुनं भांडण आहे, आपण बाहेरून आलेले, आपण कशाला मध्ये पडायचं. मी तेव्हा काय बोलायला हवं होतं, आणि आता काय करू?

उत्तर:

आधी त्या पुढे बसलेल्या मुलीचं बोलू. तुमच्या पत्रात त्या मुलाची आई आहे, आजी आहेत, मॅनेजर आहे, मैत्रीण आहे, आणि या सगळ्यांना काय वाटेल याची काळजी आहे, ती साहजिकच आहे, पण त्या खोलीत सगळ्यात जास्त लागलं ते त्या मुलीला. तिने त्या दिवशी दोन गोष्टी ऐकल्या. एक म्हणजे तिच्यासारखी स्किन घाण असते असं एक मुलगा म्हणाला. दुसरी म्हणजे त्यावर खोलीतलं एकही मोठं माणूस "नाही" म्हणालं नाही. पहिली गोष्ट चार वर्षांच्या पोराची आहे, ती दुरुस्त करणं सोपं असतं, दुसरीचं ओझं जास्त. म्हणून माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की मूल रंगाबद्दल काही बोललं की तिथल्या तिथे, साध्या आवाजात, खरं ते दोन वाक्यांत बोलायचं, आणि बोलताना ज्याच्याबद्दल बोललं गेलं ते मूल मनात पहिलं ठेवायचं. स्पेशल स्टोरीटाईम वगैरे सगळं त्यानंतर.

काय बोलायचं ते अगदी शब्दांसकट सांगते कारण आयत्या वेळी शब्दच सापडत नाहीत, तुमचंही तेच झालं. पुस्तक तसंच उघडं ठेवायचं, पान उलटायचं नाही. बोट चित्रातल्या मुलीवर, आणि पुढची ओळ ज्या आवाजात वाचली असती त्याच आवाजात म्हणायचं, "नाही, ती घाण नाहीये, ती मस्त स्वच्छ झालीये. तिची स्किनच ब्राऊन आहे, जन्मापासून. स्किनचा रंग धुऊन जात नाही, तुझा पण नाही जाणार आणि माझा पण नाही." तुम्ही स्वतः ब्राऊन आहात, आपला हात पुढे करून "माझी पण ब्राऊन आहे बघ" म्हणता आलं तर सोन्याहून पिवळं. मग लगेच "चला, आता टॉवेल कुठे गेला बघू" म्हणून गोष्टीत परत. सगळं मिळून वीसेक सेकंद, त्याहून जास्त ताणू नका, ताणलं की मुलांना कळतं की इथे काहीतरी गडबड आहे आणि मोठी माणसं घाबरलीत.

एखादं पाच वर्षांचं मूल पुढे विचारेल "पण का ब्राऊन?" तर मेलॅनिन सांगा, पाच वर्षांच्या मुलांना असे मोठे शब्द फार आवडतात. आपल्या सगळ्यांच्या स्किनमध्ये मेलॅनिन असतं, ज्याच्यात जास्त त्याची स्किन गडद, ज्याच्यात कमी त्याची फिकट, बस. फक्त "तुझ्या आईकडे बघ, तिच्यासारखाच तुझा रंग" असं म्हणू नका, कारण अमेरिकेतल्या कुठल्याही स्टोरीटाईममध्ये दत्तक मूल असू शकतं, आई गोरी आणि मूल ब्राऊन असू शकतं, आणि मग त्याच्यावर सगळ्यांच्या नजरा वळतात. तसंच चॉकलेट, कॉफी, कॅरॅमल असे खाण्याचे शब्द टाळा, बऱ्याच ब्लॅक आईवडिलांना ते खटकतात आणि ते बरोबरच आहे, माणसाच्या अंगाला खाऊची नावं कशाला. गडद ब्राऊन, फिकट ब्राऊन, पीच, टॅन हे शब्द पुरतात.

आता तो मुलगा. त्याच्या मनात द्वेष होता असं मला वाटत नाही, तो त्याच्या परीने हिशोब करत होता. चिखल ब्राऊन असतो, हात चिखलाचे झाले की धुतात, धुतलं की ब्राऊन जातं, मग हिचं का नाही गेलं? तीन-चार वर्षांच्या बऱ्याच मुलांना स्किनचा रंग कायमचा असतो हे अजून नीट कळलेलं नसतं, उन्हाने, आंघोळीने, मोठं झाल्यावर तो बदलेल असं त्यांना वाटू शकतं. म्हणजे त्याला रागवायची गरज नव्हती, माहिती द्यायची गरज होती. आणि त्याच्या आईच्या "श्श" मधून त्याला काय कळलं असेल? की ब्राऊन स्किन ही काहीतरी मोठ्याने न बोलायची, लाज वाटायची गोष्ट आहे. घाण असते हा त्याचा समज तर तसाच राहिला, उलट त्याला वाटलं असेल की आपलं बरोबर होतं, फक्त बोलायचं नव्हतं.

त्या आजींचं म्हणणं खूप जणांचं असतं म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. मुलांना आपण सांगेपर्यंत रंग दिसत नाही हे खरं नाही. तीन महिन्यांची बाळं रोज बघण्यातल्या रंगरूपाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघतात असं प्रयोगांत दिसलंय, नवजात बाळांत हा फरक दिसत नाही आणि ज्या बाळांच्या आजूबाजूला वेगवेगळ्या रंगांची माणसं असतात त्यांच्यातही दिसला नाही. म्हणजे बघून बघून होतं ते. आणि दिसणं वेगळं, त्याला बरं-वाईट चिकटवणं वेगळं, पण तेही लवकरच सुरू होतं. केनेथ आणि मेमी क्लार्क या ब्लॅक मानसशास्त्रज्ञ नवराबायकोने १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या ब्लॅक मुलांपुढे गोऱ्या आणि ब्राऊन बाहुल्या ठेवून विचारलं, चांगली कोणती, वाईट दिसते ती कोणती, तर निम्म्याहून जास्त मुलांनी चांगली म्हणून गोरी दाखवली आणि वाईट म्हणून ब्राऊन, आणि मग "तुझ्यासारखी कोणती?" या प्रश्नाला काही मुलं रडली, काही खोलीतून निघून गेली. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांमध्ये गोरी आणि ब्लॅक मुलं वेगळी ठेवणं बेकायदा ठरवलं त्या निकालात या कामाचा उल्लेख आहे. त्यातली काही मुलं तीनच वर्षांची होती हो, तुमच्या कार्पेटवर बसतात त्याच वयाची. त्यांना कोणी बसवून शिकवलं नव्हतं. मग आजींना एवढंच सांगा की डोक्यात ते आधीच येतंय, आपण फक्त मुलाला त्याच्याबरोबर एकटं सोडत नाही. वाद घालू नका, आजी नातवंडाला स्टोरीटाईमला घेऊन येतात, त्या तुमच्या बाजूच्या आहेत.

मात्र वयाचं भान हवंच, तेवढं त्यांचं बरोबर आहे. तीन वर्षांच्या मुलाला रंगाची नावं आणि "धुऊन जात नाही" एवढं बास. चार-पाच वर्षांच्या मुलाला अन्याय पक्का कळतो, रांगेत कोणी मध्ये घुसलं तर तो खोली डोक्यावर घेतो, त्याला "काही लोक स्किनचा रंग बघून वाईट वागतात, ते चूक आहे" हे कळतं. सहा-सात वर्षांच्या मुलांचा वेगळा कार्यक्रम असेल तर तिथे खरी माणसं आणता येतात, रुबी ब्रिजेससारखी, जी १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लिन्समधल्या पूर्वी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत गेली, सहा वर्षांची, सोबत फेडरल मार्शल म्हणजे केंद्र सरकारचे पोलीस, आणि गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतल्यामुळे वर्षभर एका शिक्षिकेकडे एकटीच शिकली. सहा वर्षांची मुलं हे ऐकून एकदम गप्प होतात आणि मग खूप विचारतात, त्याला वेळ ठेवावा लागतो. हे तीन वर्षांच्यांसमोर नको, गुलामगिरी आणि मारहाण तर नकोच, त्यांच्या हाती फक्त भीती लागेल, आणि ब्लॅक मुलांच्या हाती "आपल्यासारख्यांना मारतात" एवढंच.

"आपण सगळे सारखेच" हे वाक्य मात्र कृपा करून त्या वेळी वापरू नका. मला माहितीये ते चांगल्या मनाने येतं, पण मुलाला समोर वेगळं दिसतंय आणि मोठी बाई सारखं म्हणतेय, म्हणजे एक तर त्याचे डोळे चुकतात किंवा बाई खोटं बोलते. रंग वेगळे आहेत, केस वेगळे आहेत, आणि कोणाचा रंग चांगला कोणाचा वाईट असं नसतं, हे सरळ म्हणता येतं.

मुलं अजून काय काय म्हणू शकतात तेही डोक्यात असू दे. केसांवरून होतंच. एखादीच्या वेण्यांना मणी असतात, मागचं मूल हात घालतं. तेव्हा "तिचे केस तिचे आहेत, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही" एवढंच, आणि हा नियम सगळ्यांसाठी, हॅलो साँगनंतर रोज म्हणायच्या नियमांतच टाकून द्या म्हणजे कोणा एकीवर बोट जाणार नाही. आणि कधी "मला हिच्याशेजारी नाही बसायचं, ती ब्राऊन आहे" असं येऊ शकतं, हे कुतूहल नाही, हे वागणं आहे, त्याला सूर वेगळा लागतो. ओरडायचं नाही पण मऊही नाही. "इथे रंगावरून कोणाला नाही म्हणायचं नाही. असं म्हटलं की समोरच्याला लागतं." आणि मग पहिल्यांदा ज्या मुलीला म्हटलं तिच्याकडे जा, तिच्याजवळ खाली बसा, नावाने हाक मारा, शेकर (खुळखुळे) वाटायचे असतील तर तिला मदतीला घ्या, तिला हवं असेल तरच. तिला "तुला कसं वाटलं, सगळ्यांना सांग" असं कधीही विचारू नका. ती गोष्ट ऐकायला आलीय, बाकीच्यांना शिकवायला नाही.

आणि म्हणूनच स्पेशल स्टोरीटाईमची कल्पना मला लगेच तरी पटत नाही. विचार करा, दोनच ब्लॅक मुलं असलेल्या खोलीत एक मंगळवार अचानक फक्त स्किनच्या रंगावर, गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर. हे कशासाठी चाललंय ते सगळ्या आयांना कळेल, आणि सगळ्यांच्या नजरा कुठे जातील तेही आपल्याला ठाऊक आहे. मुलंही शिकतील की हा विषय म्हणजे एका दिवसाचा कार्यक्रम. फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथचं डिस्प्ले लावायचं आणि १ मार्चला सगळी पुस्तकं परत शेल्फवर, हेच वर्षानुवर्षं चाललंय. त्याऐवजी वर्षभराची पुस्तकांची निवड बदला. दिसायला हे मोठं वाटत नाही पण खरं काम इथेच होतं.

रुडीन सिम्स बिशप या ब्लॅक अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये मांडलेली गोष्ट अमेरिकेतल्या मुलांच्या लायब्ररियनना पाठ असते, की पुस्तक काही मुलांसाठी आरसा असतं आणि काहींसाठी खिडकी. तुमच्या गोऱ्या मुलांना आरसेच आरसे मिळतात आणि त्या पुढे बसणाऱ्या मुलीला बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरात डोकावावं लागतं. आकडे बघा. विस्कॉन्सिन विद्यापीठातलं मुलांच्या पुस्तकांचं एक केंद्र १९८५ पासून हे मोजतंय, त्या पहिल्या वर्षी अमेरिकेत मुलांसाठी निघालेल्या अंदाजे अडीच हजार पुस्तकांपैकी ब्लॅक लेखक-चित्रकारांची फक्त १८ होती. २०१८ मध्ये त्यांनी बघितलेल्या पुस्तकांत मुख्य पात्र गोरं असलेली निम्मी, ससे, अस्वलं, ट्रक असली पात्रं असलेली २७ टक्के, आणि ब्लॅक १०, आशियाई ७, लॅटिनो ५, नेटिव्ह अमेरिकन १ टक्का. म्हणजे आपल्यासारखी, ब्लॅक, मेक्सिकन, नेटिव्ह सगळी मुलं एकत्र केली तरी सशा-ट्रकांपेक्षा कमी. त्यामुळे तुम्ही हात घालाल ते पहिलं पुस्तक उचललंत तर ते काय असणार ते ठरलेलंच आहे, मुद्दाम शोधल्याशिवाय दुसरं हाती लागत नाही.

मग शोधायचं काय? सगळ्यात जास्त हवीत ती रोजच्या जगण्याची पुस्तकं, ज्यात ब्लॅक किंवा ब्राऊन मूल आहे पण पुस्तक रंगाबद्दल नाहीच, ते मूल बर्फात खेळतंय, झोपायला नको म्हणतंय, आजीबरोबर बसने चाललंय, त्याचा दात पडलाय. तुमचं आंघोळीचं पुस्तक याच जातीचं होतं, ते अजिबात काढून टाकू नका, दोनतीन महिन्यांनी परत वाचा. त्यानंतर थोडी अशी पुस्तकं जी स्किन, केस, डोळे यांबद्दल सरळ आणि कौतुकाने बोलतात. आणि हक्कांची, लढ्याची पुस्तकं या वयात मोजकीच. बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं होतं, ब्लॅक माणूस पुस्तकात येतो तो फक्त त्रास सोसायला किंवा मोर्चा काढायला.

पुस्तक हातात घेतलं की चित्रं नीट बघा. बरेचदा चेहरा गोऱ्या मुलाचाच असतो, तेच नाक, तेच केस, वरून फक्त ब्राऊन रंग भरलेला. चांगल्या चित्रकाराला कुरळ्या केसांचे वेगवेगळे पोत काढता येतात, एका घरातल्या चार माणसांच्या चार छटा दिसतात, झोपताना डोक्याला बांधलेलं बॉनेट दिसतं, तळहात हाताच्या मागच्या बाजूपेक्षा फिकट दिसतो. अशी घरं जवळून बघितल्याशिवाय हे येत नाही. लिहिणारे कोण, काढणारे कोण, मागच्या फ्लॅपवर वाचा. मग वर्गात मोठ्याने वाचण्याआधी घरी एकदा वाचा आणि प्रत्येक पानावर मुलं काय म्हणू शकतील याचा अंदाज घ्या, पोस्ट-इटवर ते वरचं वाक्य लिहून त्या पानाच्या मागे चिकटवलंत तरी चालेल, मुलांना दिसत नाही.

वाचताना मधेच रंगांकडे लक्ष वेधायलाही हरकत नाही, फक्त सगळ्यांच्या रंगांकडे. "या मुलाची स्किन पीच आहे, हिची गडद ब्राऊन, या बाबांची फिकट ब्राऊन", कपड्यांचे रंग सांगतो तसंच. आपण सहसा ब्लॅक मुलाचाच रंग बोलून दाखवतो आणि गोऱ्याचा सोडून देतो, जणू तो रंगच नाही. क्रेयॉनच्या डब्यात तरी काय होतं, क्रेयोला कंपनीच्या एका फिकट गुलाबीसर रंगाचं नाव चक्क "फ्लेश" होतं, म्हणजे अंगाचा रंग म्हणजे तोच, १९६२ मध्ये ते बदलून "पीच" केलं आणि २०२० मध्ये त्यांनी माणसांच्या स्किनच्या २४ छटांचा वेगळा सेट काढला. तो सेट मागवून क्राफ्टच्या टेबलावर कायमचा ठेवा. हाताचा ठसा किंवा बाह्यरेषा काढून आपापला रंग शोधायचा, एकावर एक दोनतीन क्रेयॉन घासून जुळवायचा. कोणाचाच हात नुसत्या एका क्रेयॉनने होत नाही आणि पोरं त्यात रंगून जातात. गोऱ्या मुलांना पांढरा क्रेयॉन स्वतःच्या हातावर धरून बघायला सांगा, तो जुळत नाही हे त्यांना तिथेच दिसतं.

पालकांसाठी तुमच्याकडे एक हत्यार आहेच, स्टोरीटाईममध्ये मधूनच मोठ्यांकडे बघून एखादी टीप द्यायची पद्धत, "यमक ऐकलं की मुलांना आवाज वेगळे ओळखता येतात" वगैरे आपण सांगतो ना, तशीच एक. "मुलं लोकांच्या रंगाबद्दल मोठ्याने बोलतात, या वयात ते नॉर्मल आहे. गप्प बसवू नका, छोटं खरं उत्तर द्या, घरी पुस्तकातल्या माणसांचे रंग वर्णन करायचा सराव करा." बस, दोन वाक्यं. पुढच्या महिन्यात परत. त्या मुलाच्या आईलाही यातूनच कळेल, तिला वेगळं गाठायची गरज नाही, ती आधीच ओशाळलीय आणि अशी ओशाळलेली आई एक तर येणं बंद करते किंवा मुलाला अजून जास्त गप्प करते. ती आपणहून बोलायला आली तर तिला सांगा की त्याने लबाडी केली नाही, त्याला फक्त खरं माहीत नव्हतं.

त्या मुलीच्या आईशी मात्र बोलायला हवं, आणि लवकर. कार्यक्रम संपल्यावर, बाजूला, अर्ध्या मिनिटात. "त्या दिवशी ते वाक्य मी तसंच जाऊ दिलं, तसं जाऊ द्यायला नको होतं. पुन्हा असं झालं तर मी तिथेच बोलेन." इथे थांबायचं. मला कसं वाईट वाटलं, झोप लागली नाही, मी पण ब्राऊन आहे मला कळतं, हे सगळं नको, नाहीतर तिलाच तुमची समजूत घालत बसावं लागेल आणि हे तिने आयुष्यात अनेकदा केलं असेल. ती काही म्हणाली तर ऐका. काही न बोलता "थँक्स" म्हणून गेली तरी ठीक. मुलीशी या विषयावर आपणहून बोलू नका, आईला विचारल्याशिवाय नाहीच. तिला फक्त पूर्वीसारखं नावाने "हॅलो" करा, आणि दाराजवळ बसली तर बसू दे, पुढे बोलावून घेऊ नका.

मैत्रिणीचं म्हणणं राहिलं, आणि यावर मला जरा मनापासून बोलायचंय कारण आपल्या लोकांत हे मी फार ऐकते. आपण बाहेरचे म्हणून मध्ये पडायचं नाही. पण आपण इथे आलो कसे? १९२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिक होता येणार नाही असं सांगितलं. १९४६ मध्ये दार जरासं किलकिलं झालं तेव्हा भारतासाठी कोटा होता वर्षाला १०० माणसांचा, पूर्ण देशातून. तो वंश-देशाचा कोटा गेला १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा आला ब्लॅक लोकांच्या हक्कांच्या लढ्याच्या भरात, १९६४ च्या सिव्हिल राईट्स अ‍ॅक्टच्या पुढच्याच वर्षी. तुमचा-आमचा व्हिसा, घरं, मुलांच्या शाळा, सगळं त्या दारातून आलंय. आणि रंगाचं म्हणाल तर ते आपल्याला काय नवीन आहे, व्हिडिओ कॉलवर नातीला "उन्हात खेळू नकोस, काळी पडशील" म्हणणारं घर कोणाच्या ओळखीत नाही? त्या नातीही स्टोरीटाईमला येतात. त्या पुढे बसलेल्या मुलीने जे ऐकलं त्याचाच मवाळ प्रकार त्या घरी ऐकतात, आणि तुमचं "माझी पण ब्राऊन आहे बघ" त्यांनाही ऐकू येणार आहे.

तुम्हाला हक्क आहे का असं वाटत असेल तर तुमच्या कामाचाच इतिहास बघा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या हार्लेममधल्या १३५व्या स्ट्रीटच्या ब्रँचमध्ये १९२१ साली पुरा बेलप्रे कामाला लागल्या, प्युर्तो रिकोहून आलेल्या. आपल्या बेटावरच्या गोष्टी शेल्फवर कुठेच नाहीत हे बघून त्यांनी लहानपणी ऐकलेल्या गोष्टी मुलांना सांगायला सुरुवात केली, पुढे स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हीत स्टोरीटाईम घेतले, हाताने बनवलेल्या पपेट्स घेऊन. त्याच ब्रँचमध्ये १९३७ मध्ये ऑगस्टा बेकर आल्या, ब्लॅक लायब्ररियन आणि जबरदस्त गोष्ट सांगणाऱ्या, ब्लॅक मुलांची टिंगल करणारी पुस्तकं बघून त्यांनी मुलांना अभिमान वाटेल अशी पुस्तकं शोधून त्यांचा वेगळा संग्रह आणि याद्या केल्या, आणि १९६१ मध्ये सगळ्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या मुलांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या.

आणि कोणी म्हणालं की लायब्ररीत रंगाचा विषय कशाला, तर लायब्ररीत तो आधीपासूनच होता. ऑगस्ट १९३९ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या, फक्त गोऱ्यांना घेणाऱ्या पब्लिक लायब्ररीत पाच ब्लॅक तरुण आत गेले, कार्ड मागितलं, नाही म्हटल्यावर पुस्तक घेऊन शांतपणे वाचत बसले आणि पोलिसांनी त्यांना पकडून नेलं. गावाने मग त्यांना आत घेण्याऐवजी ब्लॅक लोकांसाठी वेगळी छोटी लायब्ररी बांधली. मार्च १९६१ मध्ये मिसिसिपीच्या जॅक्सनमध्ये टूगालू कॉलेजच्या नऊ विद्यार्थ्यांना हेच केल्याबद्दल अटक झाली. नुसतं वाचत बसल्याबद्दल. या गोष्टी स्टोरीटाईममध्ये सांगायच्या नाहीत, पण तुम्हाला माहीत असाव्यात, कारण त्या आईला कदाचित त्या आजीआजोबांकडून माहीत असतील, आणि लायब्ररीत दाराजवळ बसणं तिच्यासाठी काय असू शकतं हे तुम्हाला त्यातून कळेल.

मॅनेजरकडे आता एवढंच मागा. स्पेशल स्टोरीटाईमऐवजी पुस्तकांसाठी थोडं बजेट आणि क्रेयॉनचे सेट. आणि कोणी पालक तक्रार घेऊन आला तर काय करायचं हे आधी ठरवून, शक्यतो लेखी. लायब्ररीचं पुस्तकं निवडायचं धोरण सहसा लिहिलेलं असतं आणि तक्रारीचा फॉर्मही, ते दोन्ही काढून वाचून घ्या, कारण राज्याराज्यात आणि गावागावात वातावरण वेगळं आहे आणि पार्ट टाईम माणसाने एकटीने डेस्कवर उभं राहून उत्तरं द्यावीत हे बरोबर नाही. पालक आला तर ऐकून घ्यायचं, मुलाने काय विचारलं आणि तुम्ही कोणतं वाक्य म्हणालात तेवढंच सांगायचं, आणि पुढचं मॅनेजरकडे द्यायचं. तुम्ही सुट्टीवर असाल तेव्हा जी कोणी स्टोरीटाईम घेईल तिच्याशीही हे सगळं आधी बोलून ठेवा, नाहीतर एका मंगळवारी उत्तर मिळेल आणि पुढच्या मंगळवारी परत "श्श".